लिनक्सचा खोळंबा कुठे होतो?
जुन्या लॅपटॉपवर डिस्कचा आणि बूटिंगचा वेग कसा वाढवायचा, आणि का वाढतो

विंडोज १०चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला संपवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१४-१५च्या सुमारास घेतलेला, अजून धडधाकट असलेला लॅपटॉप एका फटक्यात म्हातारा ठरला. आंबिवली, मोहने, टिटवाळा या पट्ट्यात मोठ्या भावाचा लॅपटॉप धाकट्या बहिणीकडे कॉलेजसाठी येतो, आणि तिथे कुणीतरी जाणकार हमखास सुचवतो, ‘लिनक्स टाक. फुकट आहे, हलकं आहे, व्हायरसची कटकट नाही.’

लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकलं जातं, आणि पहिल्याच आठवड्यात निराशा होते. बटण दाबल्यावर लॉगिनचा पडदा यायला दीड मिनिट. ब्राउझर उघडायला अर्धं मिनिट. चारपाच टॅब उघडले की माउसचा बाणसुद्धा अडखळतो. वैतागून सिस्टिम मॉनिटर उघडावा, तर तिथे प्रोसेसरचा वापर जेमतेम पाच-सात टक्के! प्रोसेसर रिकामा बसलाय आणि मशीन मात्र हलत नाही. मग अडलंय कुठे?

हे एकदा नीट कळलं, की इंटरनेटवर फिरणाऱ्या शंभर तोडग्यांपैकी कामाचे कोणते आणि बिनकामाचे कोणते, हे सांगायला कुणी लागत नाही. (लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करायच्या असतात. टर्मिनलची भीती वाटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतूनही आहेत.)

हात बांधून बसलेला प्रोसेसर

टर्मिनल उघडून ‘टॉप’ ही आज्ञा द्या. वरच्या भागात प्रोसेसरच्या ओळीत ‘डब्ल्यूए’ असा एक आकडा दिसतो. प्रोसेसरकडे करायला काम नाही, पण डिस्ककडे मागितलेली माहिती अजून आलेली नाही, अशा अवस्थेत किती टक्के वेळ गेला, ते हा आकडा सांगतो. अडखळणाऱ्या लॅपटॉपवर तो साठ, ऐंशी टक्क्यांवरही गेलेला दिसतो. म्हणजे प्रोसेसर मंद नाही, तो ताटकळतोय. अशा वेळी प्रोसेसरचा ताण कमी करणारे उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बघायची ती डिस्क.

डिस्क आणि कसाऱ्याची गाडी

दहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असते. आत चकत्या मिनिटाला ५४०० फेऱ्या मारतात आणि त्यांच्यावर वाचकाडीचं टोक पुढेमागे सरकतं. माहिती वाचायची तर दोन गोष्टी व्हाव्या लागतात. आधी टोकाने योग्य वर्तुळावर पोचायचं, आणि मग हवा तो तुकडा फिरत फिरत टोकाखाली येईपर्यंत थांबायचं.

हिशेब सोपा आहे. मिनिटाला ५४०० म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या. एका फेरीला ११ मिलिसेकंद. सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्यात टोक सरकवायला साधारण १२ मिलिसेकंद धरा. एका तुकड्यामागे १७-१८ मिलिसेकंद गेले. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला पंचावन्न ते साठ, त्यापुढे मजल नाही. प्रत्येक तुकडा ४ किलोबाइटचा असेल, तर सेकंदाला जेमतेम २४० किलोबाइट! तीच डिस्क सलग ठेवलेली मोठी फाइल वाचताना सेकंदाला शंभर मेगाबाइटपर्यंत देते. डिस्क तीच, पण सलग आणि विखुरलेल्या वाचनात चारशे पटींचा फरक.

समजा, एखाद्याला एकाच दिवसात शहाड, आंबिवली, आसनगाव आणि कसारा इथली कामं उरकायची आहेत. कल्याणहून निघून तो आधी कसाऱ्याला गेला, परत शहाडला आला, मग आसनगाव, मग पुन्हा मागे आंबिवली, असं करू लागला तर दिवस गाडीतच जाईल. तीच कामं स्थानकांच्या क्रमाने केली तर एका फेरीत उरकतात. डिस्कचं टोक हा तो प्रवासी. आणि कल्याणपुढे एक गाडी चुकली की पुढचीची वाट बघत फलाटावर किती उभं राहावं लागतं, हे आंबिवलीकरांना सांगायला नको. डिस्कवरही तुकडा टोकाखालून निसटला की पूर्ण फेरी होईपर्यंत थांबणं आलं.

म्हणून लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, डिस्ककडे जाणाऱ्या मागण्यांची रांग लावणारा एक भाग असतो. त्याला आय-ओ शेड्यूलर म्हणतात. आलेल्या मागण्या तो जागेच्या क्रमाने लावतो आणि शेजारशेजारच्या एकत्र करतो. पण एवढ्याने भागत नाही. शहाड-आंबिवलीची कामं सतत येत राहिली, तर कसाऱ्याचा माणूस ताटकळतच राहील. त्यावर तोडगा म्हणून ‘डेडलाइन’ पद्धतीत प्रत्येक मागणीला मुदत असते, आणि ती उलटली की क्रम मोडून तिचं काम आधी होतं. २००६पासून अनेक वर्षं कर्नेलमध्ये ‘सीएफक्यू’ नावाचा शेड्यूलर नेमलेला होता. २०१९च्या ५.० आवृत्तीत तो काढून टाकला गेला. आता ‘एमक्यू-डेडलाइन’, ‘बीएफक्यू’ आणि ‘नन’, म्हणजे शेड्यूलरच नाही, हे मुख्य पर्याय आहेत.

यातला बीएफक्यू फिरत्या डिस्कच्या लॅपटॉपसाठी करून बघण्यासारखा आहे. इटलीतल्या मोदेना विद्यापीठातले पाओलो व्हालेंते यांच्या कामातून तो उभा राहिला आणि २०१७मध्ये मूळ कर्नेलमध्ये आला. मागे मोठी फाइल कॉपी होत असताना समोर कुणी एखादा प्रोग्रॅम उघडला, तर समोरच्या माणसाची मागणी तो आधी पुढे सरकवतो. एकूण कॉपीचा वेग याने वाढत नाही, पण मशीन अडकल्यासारखं वाटणं कमी होतं.

एसएसडी: रूळच उखडले

१९५६मध्ये आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या डिस्कवर ५० लाख अक्षरं मावत, आणि हवी ती जागा गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. आजच्या एक टेराबाइटच्या लॅपटॉप डिस्कमध्ये त्याच्या दोन लाख पट माहिती मावते, पण जागा गाठायचा वेग वाढलाय जेमतेम पस्तीसेक पटीने. सरकणाऱ्या आणि फिरणाऱ्या वस्तूला मर्यादा असतात. कुठलीही आज्ञा देऊन त्या ओलांडता येत नाहीत.

एसएसडीत, म्हणजे फ्लॅश मेमरीवर चालणाऱ्या डिस्कमध्ये, सरकणारं काहीच नाही. पहिला तुकडा काय आणि शेवटचा काय, साधारण ०.१ मिलिसेकंदात हाती येतो. विखुरलेलं वाचन दीडशे पटींहून जास्त वेगाने होतं. जुन्या लॅपटॉपवर इथे एक शंका हमखास निघते, ‘आमचा साटा पोर्ट जुना, मग नवी एसएसडी लावून काय उपयोग?’ डिस्क जोडायच्या या जुन्या पोर्टमुळे सलग वाचनाचा वेग निम्म्यावर येईल, हे खरं. पण मशीन सुरू होताना आणि प्रोग्रॅम उघडताना हजारो लहान फाइली वाचल्या जातात, आणि तिथली ताटकळ तर जवळजवळ संपते. म्हणून जुन्या पोर्टवरही एसएसडीचा फरक डोळ्यांना दिसतो.

एसएसडी लावल्यावर एकच गोष्ट तपासायची. फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट दुसरं लिहिता येत नाही. आधी मोठा गठ्ठा पुसावा लागतो. आपण फाइल उडवली तरी ती जागा रिकामी झाल्याचं डिस्कला आपोआप कळत नाही. ते कळवायच्या सोयीला ‘ट्रिम’ म्हणतात. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये ‘एफएसट्रिम डॉट टायमर’ हे काम आठवड्याला एकदा करतो. तो चालू आहे ना, एवढं पाहिलं की पुरे.

रॅम ‘मोकळी’ नसते, तेच बरं

‘फ्री’ ही आज्ञा दिली, की नव्याने आलेला माणूस दचकतो. चार जीबीपैकी दोनशे एमबीच मोकळी! पण लिनक्स एकदा वाचलेली फाइल रॅममध्ये ठेवून देतं, म्हणजे पुन्हा लागली तर डिस्ककडे जायला नको. या साठ्याला पेज कॅशे म्हणतात. एखाद्या प्रोग्रॅमला रॅम हवी झाली की कॅशेतला भाग क्षणात सोडून दिला जातो. म्हणून ‘फ्री’चा नव्हे, ‘अ‍ॅव्हेलेबल’चा रकाना वाचायचा. ब्राउझर दुसऱ्यांदा उघडताना लवकर उघडतो, तो याच कॅशेमुळे. ‘रॅम साफ करणारे’ प्रोग्रॅम हाच साठा फेकून देतात आणि पुढचं वाचन पुन्हा डिस्कच्या गळ्यात मारतात.

खरं संकट येतं ते रॅम खरोखर संपल्यावर. मग कर्नेल रॅममधला कमी वापरातला भाग डिस्कवर, म्हणजे स्वॅपमध्ये, हलवतं. चार जीबी रॅम, वीस टॅब आणि फिरती डिस्क असं त्रांगडं जमलं की एक टॅब बदलताना जुनं डिस्कवर जातं आणि नवं डिस्कवरून येतं. सेकंदाला साठ तुकड्यांच्या वेगाने! माउस अडखळतो तो इथे.

यावर स्वस्त आणि मस्त उपाय म्हणजे ‘झेडरॅम’. रॅमचाच काही भाग बाजूला ठेवून त्यात स्वॅपची माहिती दाबून, आकार कमी करून ठेवली जाते. दाबायला-उलगडायला प्रोसेसर लागतो, पण तो तर रिकामाच बसलाय. ही सोय २०१४पासून मूळ कर्नेलमध्ये आहे, आणि फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने २०२०च्या ३३व्या आवृत्तीपासून ती आपणहून चालू ठेवली आहे. उबुंटू किंवा मिंटवर एक पॅकेज टाकलं की काम होतं.

इथेच ‘स्वॅपीनेस ६०वरून १० करा’ हा प्रसिद्ध सल्ला भेटतो. साठ टक्के रॅम भरली की स्वॅप सुरू होतो, असा त्याचा अर्थ नाही. रॅमची चणचण झाल्यावर फाइलींचा कॅशे सोडायचा की प्रोग्रॅमची माहिती स्वॅपमध्ये टाकायची, यात कौल कुणीकडे झुकवायचा, ते हा आकडा ठरवतो. फिरत्या डिस्कवर स्वॅप असेल तर १० ठीक. पण झेडरॅम असेल तर स्वॅप स्वस्त झालेला असतो, म्हणून तिथे हा आकडा उलट वाढवायचा असतो. म्हणजे एकच सल्ला एका मशीनला उपाय आणि दुसऱ्याला अपाय.

बटणापासून लॉगिनपर्यंत

आता बूटिंग. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होऊन उपकरणं तपासतं. मग ‘ग्रब’ हा लोडर कर्नेल आणि त्याच्यासोबतची सुरुवातीची शिदोरी, म्हणजे इनिटरॅमएफएस, रॅममध्ये आणतो. कर्नेल डिस्क ओळखून मुख्य फाइलप्रणाली जोडतं. शेवटी ‘सिस्टिमडी’ हा पहिला प्रोग्रॅम सुरू होतो आणि नेटवर्क, आवाज, छपाई, लॉगिनचा पडदा अशा सगळ्या सेवा उभ्या करतो.

पूर्वी या सेवा क्रमांकाप्रमाणे एकामागून एक सुरू होत. पहिलीचं आटोपल्याशिवाय दुसरीचा नंबर लागत नसे. २०१०मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी सिस्टिमडी पुढे आणलं, २०११मध्ये फेडोरा १५ने ते स्वीकारलं, आणि पुढच्या काही वर्षांत डेबियन आणि उबुंटूही त्याच वाटेने गेले. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या सेवा आता एकाच वेळी सुरू होतात.

कुठे किती वेळ गेला, हे ‘सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ’ सांगतं. उदाहरणादाखल, उत्तर असं आलं म्हणू: फर्मवेअर ६ सेकंद, लोडर ७, कर्नेल ५, युजरस्पेस, म्हणजे सिस्टिमडी आणि सेवा, ७२. एकूण दीड मिनिट. लोडरच्या सातपैकी पाच सेकंद बहुधा ग्रबचा मेनू उगाचच वाट बघत असतो. लॅपटॉपवर एकच प्रणाली असेल तर ग्रबच्या सेटिंगमध्ये हा वेळ एक-दोन सेकंदांवर आणावा. खरा घोळ ७२मध्ये आहे.

पुढची आज्ञा ‘सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’. ती सेवांची यादी वेळेच्या उतरत्या क्रमाने देते. यादीतली वरची नावं दिसली की ती बंद करायला हात शिवशिवतात. पण जरा थांबावं. सेवा समांतर चालतात, त्यामुळे वीस सेकंद घेणारी सेवा कुणालाच अडवत नसेल, तर ती बंद करून एक सेकंदही वाचत नाही. कोण कुणासाठी थांबलंय, ही साखळी ‘सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन’ दाखवते. कात्री तिथे लावायची.

साखळीत वारंवार सापडणारे दोन गुन्हेगार आहेत. एक, ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’. नेटवर्क पूर्ण जोडलं जाईपर्यंत ही सेवा इतरांना थांबवते. कचेरीत सर्व्हरवरचे फोल्डर बूट होतानाच जोडायचे असतील तिथे ती हवी. घरच्या लॅपटॉपवर खुशाल बंद करावी, लॉगिननंतर वाय-फाय जोडलं जातंच. दुसरा, हरवलेला स्वॅप. डिस्क बदलताना किंवा विभाग नव्याने पाडताना स्वॅपचा ओळखक्रमांक बदलतो, पण ‘एफएसटॅब’ या यादीत जुनाच राहतो. मग सिस्टिमडी, जगात नसलेल्या त्या विभागाची तब्बल ९० सेकंद वाट बघतं. पडद्यावर लाल चांदण्या धावतात आणि ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ मोजणी करत बसते. एसएसडी टाकूनही मशीन आधीपेक्षा हळू सुरू होतं, अशी तक्रार असेल तर आधी इथे बघावं. ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने मिळणारा खरा क्रमांक यादीत घातला की दीड मिनिट जागच्या जागी वाचतं.

पाच सेकंदांचं अंदाजपत्रक

सप्टेंबर २००८मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला लिनक्स प्लंबर्स परिषदेत इंटेलचे अर्यान व्हान दे व्हेन आणि औके कॉक यांनी आसुसचा छोटासा ई-पीसी पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. ‘थोडं जलद करू’ असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी आधी पाच सेकंद ठरवले आणि वाटून दिले: कर्नेलला एक, सुरुवातीच्या सेवांना एक, ग्राफिक्सला एक, डेस्कटॉपला दोन. ज्याला आपल्या वाट्यात बसता आलं नाही, त्याची खोलात जाऊन चौकशी झाली. ई-पीसीचा प्रोसेसर अगदीच मामुली होता, पण त्यात एसएसडी होती, हेही विसरू नये. आपल्या घरी पाच सेकंदांचा हट्ट नको. पण आधी मोजायचं आणि मग सर्वांत मोठ्या आकड्याला हात घालायचा, ही शिस्त तिथूनच घ्यावी.

मुदत संपलेले तोडगे

साधारण २००० साली ‘एचडीपार्म’ने डीएमए चालू करणं हा रामबाण मानला जाई. डीएमए म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घालता डिस्क आणि रॅम यांची थेट देवाणघेवाण. वेग खरोखर कित्येक पटींनी वाढे. आज कर्नेल ते स्वतःच करतं. बूटच्या ओळीत शेड्यूलरचं नाव लिहायचा तोडगाही नव्या कर्नेलमध्ये निष्प्रभ आहे.

‘नोएटाइम’चंही तसंच. पूर्वी फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ डिस्कवर लिहिली जाई. म्हणजे प्रत्येक वाचनामागे एक लेखन! २००९पासून कर्नेल ‘रिलेटाइम’ वापरतं. आधीची नोंद शेवटच्या बदलापेक्षा जुनी असेल किंवा तिला २४ तास उलटले असतील, तरच नवी नोंद होते. नोएटाइमने, म्हणजे ही नोंद पूर्ण बंद करून, त्यापुढे थोडा फायदा होतो, जादू होत नाही. डीफ्रॅगची, म्हणजे विखुरलेल्या फाइली पुन्हा सलग लावायची, सवयही सोडून द्यावी. ईएक्सटी-४ ही लिनक्सची फाइलप्रणाली फाइलला शक्यतो सलग जागा देते. तिला सलग जागा सापडावी म्हणून डिस्क काठोकाठ न भरता दहा-पंधरा टक्के मोकळी ठेवली की झालं.

वेग हवा, पण माहिती गमावून नको

काही तोडगे खरोखर वेग देतात आणि म्हणूनच घातक असतात. आपण फाइल सेव्ह करतो तेव्हा ती लगेच डिस्कवर जात नाही. काही सेकंद, कधी अर्धं मिनिटही, ती रॅममध्ये थांबते. पेन ड्राइव्हवर कॉपी ‘झाली’ असं दिसूनही ‘सेफली रिमूव्ह’ला वेळ लागतो तो यामुळे. मधेच वीज गेली तरी फाइलप्रणालीची घडी विस्कटू नये, म्हणून ईएक्सटी-४ आधी जर्नलमध्ये, म्हणजे बदलांच्या वहीत, नोंद करते आणि ‘बॅरिअर’ वापरून कोणतं लेखन आधी आणि कोणतं नंतर, हा क्रम सांभाळते. बॅरिअर बंद करा, असा सल्ला काही ठिकाणी सापडतो. पावसाळ्यात वीज जाणं आपल्याकडे नवीन नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेलीच असते. अशा मशीनवर बॅरिअर बंद करणं म्हणजे चार क्षण वाचवून प्रोजेक्टचं सगळं लिखाण पणाला लावणं.

आणि एक शक्यता सर्वांत आधी तपासायची. डिस्क मंद नसेल, मरायला टेकलेली असेल. खराब झालेला तुकडा डिस्क पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि तेवढा वेळ सगळं ठप्प होतं. ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेच्या अहवालात ‘रीअ‍ॅलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरांचे आकडे शून्याहून जास्त असतील आणि वाढत असतील, तर वेगाचा विचार सोडून त्याच दिवशी बॅकअप घ्यावा.

चौकट: कामाचा क्रम

१. स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत बघा. बिघाड दिसला तर आधी बॅकअप.
२. टॉपमध्ये ‘डब्ल्यूए’ बघा. तो मोठा असेल तरच डिस्कच्या मागे लागा.
३. फ्रीमध्ये ‘अ‍ॅव्हेलेबल’ बघा. रॅम अपुरी असेल तर झेडरॅम लावा, जमलं तर रॅम वाढवा.
४. सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझने बूटची फोड करा आणि क्रिटिकल-चेनमधलीच अडवणारी सेवा काढा. ब्लेमच्या यादीवरून निर्णय घेऊ नका.
५. एफएसटॅबमध्ये स्वॅपचा क्रमांक खरा आहे ना, ते ताडून बघा.
६. फिरत्या डिस्कवर बीएफक्यू करून बघा. एसएसडीवर शेड्यूलरला हात लावू नका, फक्त ट्रिम चालू ठेवा.
७. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. आकडा हलला नाही तर बदल मागे घ्या.
८. पैसे एकाच वस्तूवर घालता येणार असतील, तर रॅम चार जीबी किंवा जास्त असताना एसएसडी घ्या. दोन जीबी असेल तर आधी रॅम.